चोळीबांगडीचा तुकडा

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते आणि सरकारवर माझा काडीचा विश्वास नाही. यात काहीतरी चुकतंय असं आमच्या मुख्याध्यापकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. मिठाईच्या दुकानदाराला मधुमेह असू शकतो, तसंच हे. मुलांना मी हक्क आणि कर्तव्यं नीट शिकवते, गुणही देते. पण नकाशा घेऊन कोणी साहेब दारात उभा राहिला की माझ्या कपाळावरची शीर उडायला लागते. ही शीर मला बाबांकडून मिळाली. जमिनीतलं अजून काही मिळालेलं नाही.

आमचं गाव भिवंडीच्या गोदामपट्ट्यात आहे, वळ गावाच्या अलीकडे. माझ्या लहानपणी घराच्या मागच्या दारातून भातखाचरं दिसायची, आता पत्र्याची छपरं दिसतात. देशातल्या निम्म्या लोकांचे मोबाइल, मिक्सर आणि चपला आमच्या भाताच्या जागेवर येऊन थांबतात आणि पुढे जातात. बाबांनीही गोदाम बांधलं आणि भाड्याने दिलं. शेती सुटली याचं त्यांना दुःख वगैरे काही झालं नाही. चिखलात उभं राहून ज्याची पाठ मोडलेली असते त्याला शेतीचे उमाळे येत नाहीत, ते दुसऱ्यांना येतात.

गोदाम उभं राहिलं तसं सरकार आमच्या घरी यायला लागलं. त्याआधी निवडणुकीखेरीज कोणी फिरकत नव्हतं. आता बांधकामाला परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाची माणसं येत, टेप धरत, फोटो काढत आणि अनधिकृत, अनधिकृत म्हणत परत जात. हमालांची गैरसोय होते म्हणून बाबांनी गोदामाच्या मागे संडास बांधला, तर त्याचीही नोटीस आली. बाबांनी ती ओटीवर उभं राहून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, "भायेर बसला त दंड, आत बसला त नोटीस. मंग मानसानी बसाचा तरी कुठं?"

लोक पोट धरून हसले. बाबांना बोलता येत असे. गावच्या बैठकीत ते उभे राहिले की सरपंचसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसत. ते म्हणत, जमीन ज्याने कसली त्याची, घर ज्याने बांधलं त्याचं, आणि सरकार म्हणजे न बोलावता पंगतीत बसलेला पाहुणा, वर पहिलं ताट त्यालाच हवं. मी कॉलेजात होते, पुस्तकं वाचत होते, आणि पुस्तकात जे चार पानं खर्चून सांगितलेलं असे ते बाबा एका वाक्यात सांगत. मला त्यांचा फार अभिमान होता. त्यांचे ते विचार मला आजही पटतात. एकही शब्द मी खोडणार नाही, आणि माझी सगळी चीड तिथेच आहे.

गावातली भांडणं पोलिसात जात नसत, बाबांकडे येत. कोणाच्या पागोळ्या कोणाच्या भिंतीवर पडतात, कोणी दुसऱ्याच्या दारात टेम्पो लावतो, कोणाच्या कोंबड्या कोणाची अळूची पानं उकरतात, असले निवाडे ते ओटीवर चहा पीत करत. शेवग्याचा एक निवाडा तर गावात वर्षानुवर्षं सांगितला जायचा. एकाच्या झाडाची फांदी शेजाऱ्याच्या अंगणात आली होती आणि शेजारी शेंगाही काढी, वर फांदीही तोडी. बाबांनी सांगितलं, मूळ ज्याच्या जमिनीत त्याचं झाड, फांदीचा त्रास होत असेल तर मालकाला सांगायचं, दुसऱ्याच्या झाडाला आपला कोयता लावायचा नाही. दोघंही गप्प घरी गेले.

आता आमच्या गावाची एक गोष्ट बाहेर सांगायची नसते, ती सांगते. आमच्या शेतांना लागून गुरचरण होतं, म्हणजे गुरं चारायची सरकारी जमीन. दर पावसाळ्याआधी बांध दुरुस्त करताना प्रत्येक जण तो वीतभर गुरचरणाकडे सरकवी. आजोबांनी सरकवला, पणजोबांनी सरकवला, शेजाऱ्यांनीही सरकवला. कोणी कोणाला बोललं नाही, कारण सगळ्यांच्याच हाताला तो चिखल होता. असं करत करत गुरचरण नावापुरतं उरलं आणि जुना बांध कधीच आमच्या शेतांच्या पोटात गेला. पुढे त्याच्यावर गोदामं उभी राहिली. आणि गावाचा एक न लिहिलेला कायदा झाला, की हातात पेन असलेल्या माणसासमोर जुन्या बांधाचं नाव काढायचं नाही. सख्खे भाऊ कोर्टात एकमेकांच्या उरावर बसले तरी हे कोणी बोलत नसे.

त्याच कडेला, आता जिथे रस्ता येऊन मिळतो तिथे, माझ्या आत्याचा तुकडा होता. आमच्यात मुलीला जमिनीत वाटा देत नाहीत. पण एखाद्या बापाचा जीव असला तर लग्नाच्या मांडवात चार माणसांसमोर तो एखादी पट्टी मुलीच्या नावे बोलतो, चोळीबांगडीला म्हणून. त्या पट्टीत जे पिकेल त्यातून तिची चोळी आणि बांगड्या व्हायच्या. हे कुठे लिहून ठेवत नाहीत. बाप बोलला आणि भावांनी मान हलवली की झालं. आजोबा बोलले होते आणि बाबांनी मान हलवली होती. बाबांना आत्या ही एकच बहीण.

आत्याला वज्रेश्वरीला दिली होती. सासरचं नारळ-फुलांचं दुकान होतं, गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या लोकांमुळे बरं चाले. मूलबाळ झालं नाही. नवरा वारला तेव्हा सासरच्यांनी दुकान आपल्याकडे ठेवलं आणि आत्याला भिवंडीच्या बसमध्ये बसवून दिलं. एक पिशवी आणि एक पितळी कळशी घेऊन ती आमच्या दारात उतरली. त्या वेळी माझी आई नुकतीच गेली होती. आत्याने पिशवी ठेवली, पदर खोचला आणि सरळ चुलीकडे गेली. रडायचं असेल तर भाकऱ्या झाल्यावर रडू, असा तिचा एकूण स्वभाव.

माझ्या भावाचं लग्न झालं, वहिनी आली, तेव्हा आत्या म्हणाली, आता मी माझ्या तुकड्यावर जाते. बाबांनी स्वतः उभं राहून तिला विटांची खोली बांधून दिली, वर पत्रा टाकला. आपल्या टाकीतून पाण्याची जोडणी दिली. तिने पुढे चहाची टपरी सुरू केली. ट्रक घेऊन येणारे परप्रांतीय ड्रायव्हर तिला मौसी म्हणत आणि ती त्यांना मराठी-हिंदीची खिचडी करून शिव्या देत चहा पाजी. पत्र्यावर सुकट वाळत असे, मागे शेवग्याचं झाड, बाजूला कोंबड्यांचं खुराडं. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच सकाळी उठून कोणाच्या घरातलं काम करायचं नव्हतं. ती तेव्हा जेवढी खूश असे तेवढी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती. मला नोकरी लागली, लग्न झालं, मी कल्याणला राहायला गेले, तरी माहेरी आले की माझी पहिली बैठक टपरीच्या बाकावर.

मग एकदा प्राधिकरणाचा जेसीबी आमचं गोदाम पाडायला आला. देवळाच्या भोंग्यावरून हाक गेली आणि सगळ्या बाया रस्त्यावर येऊन बसल्या. ही आमची नेहमीची पद्धत, पुढे बायका आणि मागे पुरुष. पण आत्या बसली नाही. ती सरळ जाऊन मशिनच्या चाकापुढे आडवी झाली, डोक्याखाली हात घेऊन, दुपारी आडवं व्हावं तशी. वर बसलेला ऑपरेटर रडकुंडीला आला.

"मौसी, हट जाओ, मेरी नोकरी जाएगी!"

"तेरी नोकरी जाएगी, मेरे भाई का गोदाम जाएगा. तू दुसरी ढूंढ," आत्या पडल्या पडल्या म्हणाली.

पोलिसांनी दोनदा उचललं, ती दोनदा परत येऊन पडली. शेवटी साहेब कंटाळले आणि गोदाम राहिलं. बाबांनी तिच्या पाठीवरची धूळ आपल्या हातांनी झटकली आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "ही माजी भैन न्हाय, भाव हाय." आत्याला यापुढे दुसरं काही नकोच होतं.

त्यानंतर गोदाम भाड्याने घेतलेल्या कंपनीने मोठे ट्रेलर आणायला सुरुवात केली, चाळीस फुटी कंटेनरचे. असा ट्रेलर रस्त्यावरून आत वळायचा तर दाराशी भरपूर मोकळी जागा लागते. आमच्या दाराशी आत्या होती. ट्रेलर अर्ध्यात अडकत, मागे-पुढे करत, रस्ता तुंबे. कंपनीचा माणूस बाबांना म्हणाला की गेट रुंद करा, नाहीतर आम्ही मानकोलीला जागा बघतो. मानकोलीला गोदामांना तोटा नाही. बाबांची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी शनिवारची अर्धी शाळा आटपून मी तिथे गेले होते. आत्या कप विसळत होती. बाबा एका गवंड्याला घेऊन आले आणि काही न बोलता तिच्या अंगणातून पांढऱ्या फक्कीची रेघ मारायला लागले. रेघ शेवग्याच्या अलीकडून निघाली आणि खोलीच्या दारातून आरपार गेली.

"ही कसली रेग, दादा?" आत्याने विचारलं.

"गेट."

"न् मी?"

"तुना गोदामाच्या मागं खोली देतो. संडासाच्या बाजूला जागा हाय."

आत्याला आधी ती थट्टाच वाटली. ती हसलीसुद्धा. मग तिने कप विसळलेलं पाणी त्या रेघेवर ओतलं. "ही जागा माजी हाय. बापसानी मना चोळीबांगडीला दिलेली. तू मान हलवलेलीस."

बाबा म्हणाले, "कागद दाखव."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसाने उभा जन्म साहेबांच्या तोंडावर सांगितलं की कागद तुमच्याकडे असेल, जमीन आमच्याकडे आहे, त्या माणसाने आपल्या बहिणीकडे कागद मागितला. मी म्हणाले, "बाबा, काय बोलताय?" ते म्हणाले, "तू सासरची, तू यात पडू नको." माझा आवाज बंद करायला एवढं पुरत असे, त्या वेळी तरी.

मग जे सुरू झालं ते भांडण म्हणायच्याही लायकीचं नव्हतं. आधी पाणी गेलं. टाकी आमची, नळ आमचा, कॉक बंद. आत्या हंडा घेऊन लांबच्या बोअरवेलवर जायला लागली. मग टपरीच्या तोंडाशी रिकामा ट्रेलर उभा राहायला लागला, सकाळी धंद्याच्या वेळेला नेमका. आत्याने सुकट वाळवायची जागा बदलली आणि गोदामाच्या ऑफिसच्या खिडकीखाली वाळवायला लागली. एसी लावून बसलेला कंपनीचा माणूस नाकाला रुमाल लावून बाबांकडे गेला, हे ऐकून मी खूप हसले. मग एका दुपारी आत्या पाण्याला गेली असताना शेवगा तोडला गेला. फांदी नाही, झाडच, बुंध्यापासून. ट्रेलरला घासतं म्हणून. बाबा स्वतः उभे होते म्हणे. निवाडा देणारे तेच आणि कोयता लावणारेही तेच. आत्याने पडलेल्या झाडाच्या शेंगा गोळा केल्या आणि त्यातल्या अर्ध्या आमच्या घरी पाठवून दिल्या. वहिनीने आमटी केली. बाबा जेवले.

गावात कोणी मधे पडलं नाही. बाबांकडेच निवाडे होत, मग बाबांचा निवाडा कोणाकडे न्यायचा? लोक म्हणत, घरातला मामला आहे. सरकार आलं तर आम्ही आहोत, भाऊ-बहिणीत आम्ही कोण? स्वातंत्र्याचं हे एक बरं असतं. दुसऱ्याच्या घरात आपण नाक खुपसत नाही म्हटलं की डोळेही मिटून घेता येतात, आणि वर तत्त्व पाळल्याचं समाधान मिळतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आत्याकडेच राहायला गेले होते. सकाळी टपरीवर दूध तापत होतं. रस्त्याने जेसीबी आला, मागे पोलिसांची गाडी, मागे साहेबांची. आत्या पदराला हात पुसत उठली आणि मला म्हणाली, "चल, दादाचा गोदाम पाडाला आले." ती गोदामाच्या दिशेने पळायलाच लागली होती. मीच तिचा दंड धरला, कारण मशिन आमच्याच समोर येऊन थांबलं होतं. देवळाचा भोंगा वाजला नाही. आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गोदामाच्या दारात आधीपासून उभे होते. ज्यांना ते भर सभेत चोर म्हणत, त्यांच्याकडे जाऊन तक्रार त्यांनीच केली होती. हे त्यांनी नंतर माझ्या तोंडावर सांगितलं, आवाजही न चढवता.

साहेब तसा तरुण होता आणि वाईट माणूस वाटत नव्हता. त्याने आत्याला विचारलं, "ही जागा कोणाची आहे, बाई?"

या प्रश्नावर सगळं अवलंबून होतं, हे तिथे मला कळत होतं, साहेबाला कळत होतं आणि बाबांना तर कळतच होतं. खाजगी जागा म्हटली की नोटीस आली, मुदत आली, सुनावणी आली, आणि आत्याची खोली वर्षभर तरी उभी राहिली असती. सरकारी जागा म्हटली की काहीच नाही, अतिक्रमण तिथल्या तिथे हटवायचं. आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण तिला एक पक्कं ठाऊक होतं, की घरात काहीही होवो, पेनवाल्या माणसासमोर आपण सगळे एक असतो. ती साहेबाला म्हणाली, "माज्या दादाला विचारा. तो सांगंल." आणि तिने बाबांकडे बोट दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा भीती नव्हती. पाणी तोडलेल्या, झाड पाडलेल्या भावाकडे ती अशी बघत होती की आता हा येऊन साहेबाला असा काही झापेल की बास.

साहेब बाबांकडे वळला. "जागा कोणाची?"

बाबा म्हणाले, "सरकारची."

एवढंच. मग साहेबाने ते कसं, असं विचारलं तेव्हा त्यांनी हातानेच दाखवलं, इथून इथपर्यंत आमचं, इथे जुना बांध होता, त्याच्यापुढे सरकारी गुरचरण. साहेब लिहून घेत होता. आजूबाजूच्या ओट्यांवर लोक उभे होते. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

आत्या आडवी पडली नाही. मला वाटलं होतं पडेल, मी तिच्या बाजूला पडायला तयार होते. ती टपरीत गेली आणि दूध उतू जाऊ नये म्हणून तिने गॅस बंद केला. मग आम्ही सामान बाहेर काढलं. ड्रायव्हर लोकांनी खाट धरली, ट्रंक धरली. पितळी कळशी मी काढली. कोंबड्या काही हातात येईनात, त्या खुराड्यातून सुटून ट्रेलरखाली पळाल्या. मशिनने पत्रा असा काढला, जेवणाच्या डब्याचं झाकण काढावं तसा, आणि आतली खोली सगळ्यांना उघडी दिसली. दांडीवर तिची साडी वाळत होती. ती काढायची राहून गेली होती. आत्या ती साडी धरून उभ्या भिंतींकडे बघत होती असं मला लिहायला आवडलं असतं, पण साडी विटांखाली गेली.

बाबांनी ट्रेलरसाठी हे सगळं केलं होतं. आता गंमत बघा. पंधरवड्याच्या आत मोजणीवाले आले. सरकारची जमीन आहे असं खुद्द गावातल्या पुढाऱ्याने सांगितलं म्हटल्यावर सरकार ती सोडतंय थोडीच? त्यांनी आत्याच्या तुकड्याला तारेचं कुंपण घातलं आणि शासनाच्या मालकीचा फलक लावला. ट्रेलर वळायची जागा गेली ती गेलीच. आत्याशी निदान भांडता येत होतं, कुंपणाशी काय भांडणार? मग त्यांनी बाबांनी दाखवलेल्या जुन्या बांधाची रेघ पुढे ओढली. ती आमच्या गोदामाचा कोपरा कापून गेली, शेजारच्याचं अर्धं गोदाम घेऊन गेली आणि तशीच गावभर पुढे गेली. ज्यांनी ओट्यावर उभं राहून घरातला मामला बघितला होता त्यांच्या घरांवर लाल रंगाच्या फुल्या आल्या. मला त्यांची दया आली नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंही मला काही वाटलं नाही. बाबांना कोणी शिवी दिली नाही. निवाड्याला बोलावणं मात्र बंद झालं. ओटीवर ते एकटेच चहा पितात. कंपनी मानकोलीला गेली.

आत्या भिवंडी शहरात, एका पॉवरलूम कारखान्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला लागली. खाली लूमचा खडखडाट दिवसभर चालू, भिंतीही थरथरतात. ती तिथेच कांड्या भरायचं काम करते, म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. आजूबाजूच्या उत्तर भारतातल्या बायका तिला खाला, म्हणजे मावशीच, म्हणतात. मौसीची खाला झाली, बाकी काय.

यंदा दिवाळीच्या आधी बाबांनी मला बोलावून घेतलं. गोदामाच्या भानगडी कोर्टात होत्या, वकिलाने सांगितलं होतं की मालकी एकाच्या नावावर करा. भाऊ सोफ्यावर मोबाइल बघत बसला होता. बाबांनी हक्कसोडपत्र माझ्यापुढे ठेवलं. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क मी राजीखुशीने भावाला सोडते.

"सही कर," बाबा म्हणाले. "भावाबहिणीत काय हाय? तुना काय लागला तर तो हायेच ना."

भावाने मोबाइलमधून डोकं वर काढून होकार दिला. तो वाईट नाही. बाबाही नव्हते.

मी म्हणाले, "सही करणार नाही. माझ्या वाट्याचं जे असेल ते मला मोजून द्या, सरकारी मोजणी करून. दस्त करा, शिक्का मारून."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ओटीवर थुंकले होते. "सरकारी शिक्का? माज्या घरात?"

"हो."

"बापावर विश्वास न्हाय तुजा?"

"नाही," मी म्हणाले. सरकारवरही माझा विश्वास नाही, बाबांवरही नाही, पण सरकार निदान कोणाच्या पाठीवरची धूळ झटकून तिला भाऊ म्हणालेलं नव्हतं.

बाबांनी तो कागद माझ्यापुढून उचलला. मग म्हणाले, "आत्यावर गेलीस." मी उठले, चपला घातल्या. वहिनीने फराळाचा डबा दिला नाही, ती दारापर्यंतही आली नाही. यंदा भाऊबीजेचा फोन आला नाही. पुढेही येणार नाही, हे मला माहीत आहे.

घरून निघाले ती थेट रिक्षा करून आत्याकडे गेले. मला वाटत होतं ती खूश होईल. तिच्या वतीने कोणीतरी एकदा तरी नाही म्हणालं होतं. ती मला शाबासकी देणार, अशाच थाटात मी तिच्या खोलीत जाऊन बसले आणि सगळं रंगवून सांगितलं. तिचा दादा कसा पांढरा पडला तेही सांगितलं. ती कांड्यांच्या सुताचा गुंता सोडवत ऐकत होती.

"त्याचा बीपी वाडला आसंल," ती म्हणाली.

"वाढू दे. त्यांनी तुझं काय केलं विसरलीस?"

"कशी विसरंन?" तिने सूत खाली ठेवलं. खालच्या लूममुळे तिला ओरडून बोलावं लागत होतं. "पन एक सांग, तो त्या दिशी फक्की घेऊन आला, त्यापरीस हात पसरून आला असता, न् बोलला असता का बाय, मी अडचनीत हाय, तुजी जागा मना दे, तर मी काय केला असता?"

उत्तरही तिनेच दिलं.

"मीच पत्रा उतरवला असता. माज्या हातानी. संडासाच्या बाजूला जाऊन ऱ्हायले असते." तिचे डोळे भरले होते, पण रागाने, आणि तो राग माझ्यावर होता. "त्यानी इचारलाच न्हाय. तुना तरी त्यानी इचारला. समोर बसवून, तुज्याकडं मागला. न् तू न्हाय बोललीस?"

मी तिला समजावायला लागले, की ते मागणं नव्हतं, तो कागद होता, आज सही केली असती तर उद्या माझंही तेच झालं असतं. सगळे मुद्दे बरोबर होते. तिने ते ऐकून घेतले आणि मग उठून दार उघडून धरलं.

"जा. सही करून ये, मंग माज्या दारात ये."

मी सही केलेली नाही, करणारही नाही. त्यानंतर दोनदा गेले, तर आत्याने खिडकीतून मला पाहिलं आणि खाली कामावर निघून गेली. तिच्या शेजारणीने सांगितलं, "खाला बोलती है, जिसने मेरे भाई का दिल दुखाया, उससे मैं बात नहीं करती."